तंबूतला शेजार

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. वय एकोणसाठ, यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगी सासरी सुखात, स्वतः नोकरीतून निवृत्त. आपल्याकडच्या सहलीबरोबर त्यांनी युरोप पाहिला. सकाळी पोहे, रात्री वरणभात आणि बसमध्ये अंताक्षरी. ‘आता कोठेतरी असे जावेसे वाटते की जिथे सारे आयते हाती येणार नाही,’ असे त्या लिहितात. दक्षिण आफ्रिकेपासून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत ट्रकमधून, रोज तंबू ठोकीत जाणाऱ्या सहलींविषयी त्यांनी ऐकले आहे, मी अशा सहलीला जाऊन आले हेही त्यांना कोणाकडून कळले आहे, आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे : माझ्यासारखीने जावे का?

उत्तर लिहावयास बसले आणि लेखणी थांबली. ‘अवश्य जा’ असे लिहून पाकीट बंद करणे सोपे होते. परंतु त्या प्रवासातली एक गोष्ट मी घरीही आजवर धडपणे सांगितलेली नाही, आणि ती गाळून दिलेला सल्ला म्हणजे मीठ न घातलेली आमटी. तेव्हा खासगी पत्राऐवजी या सदरातूनच उत्तर देते.

बडोद्याच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. ‘कारणे द्या : नामिबचे वाळवंट समुद्राकाठी असूनही कोरडे आहे,’ हा प्रश्न मी किती सहामाही परीक्षांत घातला असेल याची गणती नाही. उत्तर दोन ओळींचे : किनाऱ्याजवळून वाहणारा बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह, त्यावरून येणाऱ्या थंड हवेत धुके होते, पाऊस होत नाही. दोन गुण. ते धुके आपल्या गालाला लागावे एवढीच इच्छा निवृत्तीनंतर उरली होती. 2023 च्या जूनमध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मी केप टाउनला उतरले. मुलगा म्हणाला होता, ‘आई, अगं नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर तू तंबूत झोपणार?’ सूनबाई काही बोलली नाही, पण तिने माझी कानटोपी बॅगेत सर्वांत वर ठेवली. तिचे उपकार कसे झाले ते पुढे येईलच.

प्रथम ही सहल म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या ‘सहल’ या शब्दाने फसगत होण्याचा संभव आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली बसची आसने आणि मोठमोठ्या खिडक्या. मागे प्रत्येकाच्या सामानापुरता एक कप्पा. बाहेरच्या बाजूच्या झडपा उघडल्या की आत गॅसची शेगडी, भांडी, पाण्याची टाकी, म्हणजे अख्खे स्वयंपाकघर. पोटात तंबू आणि गाद्यांच्या वळकट्या. केप टाउन ते व्हिक्टोरिया धबधबा हा वाकडातिकडा मार्ग साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि त्याला वीस-एक दिवस लागतात. आम्ही अठरा जण होतो. जर्मन, डच, ऑस्ट्रेलियन, दोघे कोरियन, आणि मी एकटी भारतीय. बहुतेक पंचविशी-तिशीतले. बरोबर एक मार्गदर्शक, एक चालक आणि एक स्वयंपाकी.

परंतु स्वयंपाकी आहे म्हणून आपण पाटावर बसायचे नाही. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो : आज भाज्या चिरणे कोणाकडे, भांडी कोणाकडे, ट्रक झाडणे कोणाकडे. धुतलेली ताटे पुसावयास फडके नाही. दोन्ही हातांत ताटे धरून ती पंख्यासारखी हलवीत उभे राहायचे, वाळेपर्यंत. पहिल्या रात्री अठरा माणसे चांदण्यात अशी ताटे हलवताना पाहून मला आमच्या दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आरतीची आठवण झाली. आपला तंबू आपणच उभारायचा आणि पहाटे आपणच मोडायचा. एकट्या आलेल्या बाईला तंबूत दुसरी एकटी आलेली बाई शेजारीण म्हणून मिळते. स्वतंत्र तंबू हवा असेल तर निराळे पैसे मोजावे लागतात. मी ते मोजले नाहीत.

माझ्या वाट्याला आलेली शेजारीण जर्मन होती. वय एकोणतीस, अबोल, शिस्तीची, पायाने दणकट. मार्गदर्शक झिंबाब्वेचा. तिकडच्या रीतीप्रमाणे तो मला ‘मामा’ म्हणू लागला, म्हणजे आई. त्याला मी सांगितले की आमच्या भाषेत मामा म्हणजे आईचा भाऊ; त्यावर तो इतका हसला की पुढचे वीस दिवस त्याने तीच हाक चालू ठेवली.

आता त्या गोष्टीकडे येते. आरक्षणाच्या वेळी एक प्रकृतिपत्रक भरून द्यावे लागते. त्यात विचारले होते : सांध्यांचे काही दुखणे? चालण्यास, चढण्यास अडचण? माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षे झिजत आला आहे. जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, आणि कधी कधी तो आखडून बसतो. हे खरे लिहिले तर ही मंडळी मला घेणार नाहीत, अशी भीती वाटली. मी त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले. सरकारी शाळा-तपासणीच्या तक्त्यांत तो शब्द मी हजारदा लिहिला होता; हात सरावाचा होता.

सहाव्या दिवशी आम्ही नामिबमध्ये सेसरीम येथे होतो. तिथून वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचेचाळिसाव्या किलोमीटरला जी टेकडी आहे तिचे नाव ‘ड्यून पंचेचाळीस’ एवढेच आहे. नावे ठेवण्याचा कंटाळा असा कामी येतो. सूर्योदय तिच्या माथ्यावरून पाहावयाचा असतो. पहाटेच्या अंधारात निघालो. थंडी अशी की पाण्याच्या बाटलीला हात लावणे नको. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही आपल्या मनातली समजूत जून-जुलैच्या वाळवंटी पहाटेत टिकत नाही. तो तिकडचा ऐन हिवाळा असतो, रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. सूनबाईची कानटोपी तेव्हा कळली.

टेकडीची कड म्हणजे पात्यासारखी अरुंद वाट. एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे मागे सरकते. साऱ्यांच्या मागून मी निघाले, आणि चढणीच्या मध्यावर गुडघा आखडला. पुढे जाता येईना, वळता येईना. दोन्ही बाजूंना वाळूचा उतार. मी खाली बसले. माझ्या चार पावले पुढे असलेली शेजारीण परत आली. काय झाले म्हणून तिने विचारले. मी म्हटले, दम लागला आहे, तू जा. ती गेली नाही. माझ्या पायाशी वाळूत बसून राहिली. वर माथ्यावर सगळे ओरडले तेव्हा सूर्य उगवला असे आम्हाला समजले. आमच्या बाजूला सावलीच होती. समोरच्या टेकड्यांची टोके तेवढी जर्दाळूच्या रंगाची झाली.

मला खाली उतरविण्यास दीड तास लागला. त्यानंतर सगळे डेडव्लेईला गेले. वाळूच्या टेकड्यांनी कोंडलेले ते पांढऱ्या चिखलाचे वाळलेले तळे. नदीचा मार्ग टेकड्यांनी अडवला आणि पाणी तुटले, तेव्हा सहाशे ते नऊशे वर्षांपूर्वी तिथली बाभळीच्या जातीची झाडे मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत. उन्हाने काळी पडून आजही उभी आहेत. मी शाळेत ते चित्र भिंतीवर लावले होते. वाटेवरच्या वाळूमुळे मला तिथपर्यंत जाता आले नाही. ते माझे नुकसान. ते मी सोसले असते. पण मला एकटीला सोडून जायचे नाही म्हणून ती मुलगीही गेली नाही. ज्या जागेसाठी ती या सहलीला आली होती ती हीच, असे तिने केप टाउनला मला सांगितले होते.

ट्रकच्या सावलीत आम्ही दोघी बसलो होतो. मी तिला खरे सांगितले. गुडघा जुना आहे, पत्रकात मी खोटे लिहिले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, ‘आधी सांगितले असते तर तुमच्याजवळ थांबायचे की नाही हे मी ठरवले असते. तरीही कदाचित थांबले असते. पण ते माझ्या वतीने तुम्ही ठरवून टाकलेत.’

रागावून बोलली असती तर बरे झाले असते. दोन दिवस तंबूत आमच्यात ‘चेन लाव’, ‘दिवा विझव’ यापलीकडे शब्द झाला नाही.

मार्गदर्शकालाही मी सांगितले. मला वाटले होते, तो पुढच्या गावी मला उतरवील. तो एवढेच म्हणाला, ‘मामा, हे लिहिले असतेत तर मी तुम्हाला पहाटे पायथ्याशी खुर्ची टाकून दिली असती, आणि डेडव्लेईला निराळ्या गाडीने जितके जवळ नेता येते तितके नेले असते. न सांगितलेल्या दुखण्याचे मी काय करू?’ आणखी एक गोष्ट त्याने ध्यानात आणून दिली, ती मात्र प्रत्येकाने ध्यानी ठेवावी. अशा सहलीत विमा सक्तीचा असतो, कारण आडरानातून रुग्णालयात विमानाने न्यावे लागले तर त्याचा खर्च सामान्य माणसाला झेपणारा नसतो. पण दुखणे दडवले असेल तर विमा कंपनी त्या बिलाला हात लावण्यास नकार देऊ शकते.

पुढचे गाव स्वाकोपमुंड, समुद्राकाठी. तिथून विंडहुकला जाऊन परतण्याची सोय होऊ शकत होती, आणि परतावे असे माझ्या मनाने जवळजवळ घेतले होते. गावात शिरलो तेव्हा ते धुके आले. बेंग्वेलाचे, दोन गुणांचे. गालाला लागले. ज्या क्षणासाठी आले होते तो असा खिन्न मनाने भेटेल असे वाटले नव्हते.

29 जूनला आषाढी एकादशी होती. उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे आणि केळी यांवर उपवास झाला. दुपारी शेजारीण आपण होऊन म्हणाली, ‘गावाबाहेर एक जागा आहे, फार चालावे लागत नाही, येता?’ स्वाकोपमुंड हे 1892 साली जर्मनांनी वसवलेले बंदर. कौलारू छपरे, जर्मन पाट्या, बेकऱ्यांचा खमंग वास. गावाच्या कडेला जर्मनांची दफनभूमी आहे, दगडी, नावानिशी, झाडे लावलेली. तिच्याच अंगाला वाळवंटात वाळूचे बुटके उंचवटे दूरवर पसरले आहेत. नाव नाही, तारीख नाही. 1904 ते 1908 या काळात जर्मन वसाहतसत्तेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरोंना ठार करण्याचा हुकूमच काढला होता. पाण्याविना वाळवंटात हाकलून त्यांना मारले, उरलेल्यांना छावण्यांत कोंडून राबवले. स्वाकोपमुंडलाही अशी छावणी होती. तो वंशसंहार होता असे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते मे 2021 मध्ये.

ती मुलगी उंचवट्यांच्या कडेने चालत राहिली, एकावरही पाय पडणार नाही अशा बेताने. ‘आमच्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हते,’ एवढेच म्हणाली. मी तरी काय शिकवले होते? माझ्या फळ्यावरच्या नामिबियात वाळू आणि हिरे होते. 1990 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा नकाशावरचे ‘नैऋत्य आफ्रिका’ खोडून मी नवे नाव लिहिले होते. त्या नावाखाली कोण पुरले आहे हे एकाही तासाला सांगितले नव्हते, कारण मलाच ठाऊक नव्हते. परतताना तिने वाळूत माझ्या कोपराला धरले. मी परत गेले नाही.

त्यानंतर व्यवस्था अशी झाली. तंबूच्या काठ्या आणि आच्छादन ती सांभाळी. मी आमच्या दोघींच्या वाटची भांडी आणि चिरणे-सोलणे करी. ट्रकची पायरी उंच, तिथे चालक लाकडी पेटी ठेवी. स्वयंपाकी मक्याच्या पिठाचा घट्ट ‘पाप’ शिजवी, आपल्या उकडीसारखा; मी त्याच पिठाच्या भाकऱ्या थापून दाखवल्या. पहिल्या दोन तुटल्या, तिसरी फुगली, आणि ऑस्ट्रेलियन मुलांनी पीठ संपेपर्यंत मला उठू दिले नाही. ‘चाकालाका’ नावाचे तिखट कालवण तिकडे मिळते, ते तिच्याबरोबर उत्तम लागते. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, परंतु दर दुसऱ्या संध्याकाळी निखाऱ्यावर मांस भाजले जाणार आणि त्याचा वास तंबूत येणार. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी या वाटेस जाऊ नये; हे मी स्पष्टच लिहिते.

इटोशाच्या अभयारण्यातली पौर्णिमेची रात्र मात्र सांगितलीच पाहिजे. ओकाउकेयो येथे तळाला लागूनच एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे असतात, अलीकडे दगडी कुंपण आणि बाके. कोणी बोलत नाही. 3 जुलै, गुरुपौर्णिमा. दोन काळे गेंडे पाण्यावर आले. मागून हत्तींचा कळप आला. पुढची हत्तीण पाण्याशी थांबली, आणि गेंडे बाजूला झाले ते तिचे पिणे होईपर्यंत उभे राहिले. तासभर एवढेच घडले. वर चंद्र होता, पण त्यातला ससा उलटा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो तसाच दिसायचा, आणि शुक्ल पक्षातली कोर डावीकडून उजळायची, हे मी शिकवलेले होते. तरी पाहिल्यावर मन गोंधळते. ध्रुव तर क्षितिजाखालीच गेलेला. त्याउलट आपल्याकडे दक्षिणेला खाली रेंगाळणारा वृश्चिक ऐन डोक्यावर आला होता, ज्येष्ठा आणि मूळ मान मोडून पाहावे लागे.

बोत्स्वानात शिरताना जनावरांच्या रोगांसाठी घातलेल्या नाक्यांवर सर्वांना उतरवतात. लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवून पुढे जायचे, कच्चे मांस तिथेच टाकायचे. युरोपला गोमांस निर्यात करता यावे म्हणून देशभर अशी कुंपणे घातली गेली. 1980 च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो नू त्या कुंपणांशी अडून मेले. माणसाच्या पोटासाठी घातलेली तार जनावराच्या तहानेला आड आली.

त्याच देशात चलनाला ‘पुला’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस. आणि सुट्या नाण्याला ‘थेबे’, म्हणजे ढाल. कोरड्या देशाने पैशाला पाऊस म्हणावे हे मला फार आवडले. ओकावांगो नदीही तशीच अजब : अंगोलात पाऊस पडतो, त्याचे पाणी महिनोन् महिने वाहत ऐन कोरड्या हिवाळ्यात इथे पोचते, पंख्यासारखे पसरते आणि समुद्र न पाहताच वाळूत जिरते. आपली लुणी नदी कच्छच्या रणात जिरते, तिचीच ही थोरली बहीण. तिथे ‘मोकोरो’ नावाच्या अरुंद होडीतून नेतात; नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. आमची होडी एक बाई चालवीत होती. ‘दुमेला, म्मा’ असे ती मला म्हणाली. हा तिकडचा नमस्कार, आणि ‘म्मा’ म्हणजे आपले ‘बाई’. होडीत गुडघा लांब करून बसता आले. ओकावांगोचे वर्णन याहून अधिक करीत नाही. व्हिक्टोरिया धबधब्याचे तर मुळीच नाही, ते शंभर पुस्तकांत आहे. तुषारांनी चिंब भिजते इतके सांगते, तेव्हा पारपत्र मेणकापडाच्या पिशवीत ठेवावे.

निरोपाच्या दिवशी शेजारणीने पत्ता घेतला. वर्षाने तिचे एक टपाल आले. ती पुन्हा नामिबला गेली होती, एकटी. आत डेडव्लेईतल्या झाडाचे छायाचित्र, मागे फक्त तारीख. मी ते शाळेत नेऊन दिले नाही, माझ्याजवळच ठेवले आहे.

आता, ग्वाल्हेरच्या भगिनी, तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्या पत्रात मुलीविषयी, निवृत्तिवेतनाविषयी, युरोपविषयी सारे आहे. गुडघे, रक्तदाब, साखर यांविषयी अक्षर नाही. ते आधी लिहा, मला नव्हे, त्या पत्रकात. घेणार नाही म्हणाले तर दुसरी सहल शोधा. तंबूऐवजी खोल्यांत उतरणाऱ्या सहलीही त्याच मार्गाने जातात. पलटत्या झडपांच्या पेट्या नेऊ नका, मऊ कापडी पिशवी न्या. ट्रकच्या कप्प्यात दुसरे काही मावत नाही. उत्तर नामिबिया, ओकावांगो आणि धबधब्याचा भाग हिवतापाचा आहे, तेव्हा गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि तो टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. आयत्या वेळी धावपळ नको. दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियात चालतो, उलट चालत नाही.

कानटोपी सर्वांत वर ठेवा. आणि शेंगदाण्याची चटणी नेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधून न्या. माझी एकाच पिशवीत होती. ती ऑरेंज नदीच्या काठी स्लीपिंग बॅगेत सांडली, आणि धबधब्यापर्यंत आमच्या तंबूला लसणाचा वास येत होता. त्याबद्दल मात्र त्या मुलीने एका शब्दाने तक्रार केली नाही.